युरी लुत्सेन्को : युक्रेनचे गृहमंत्री, कैदी आणि महाअभियोक्ता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

युरी लुत्सेन्को कोण आहेत?

युरी व्हितालियोविच लुत्सेन्को हे युक्रेनमधील राजकारणी आहेत. २००५ ते २००६ आणि २००७ ते २०१० असे दोनदा ते देशाचे गृहमंत्री होते आणि २०१६ ते २०१९ या काळात महाअभियोक्ता, म्हणजे देशातील सर्व सरकारी वकिलांचे प्रमुख होते. या दोन पदांच्या मध्ये त्यांनी दोन वर्षांहून अधिक काळ कोठडीत आणि तुरुंगात काढला. ज्या अभियोग कार्यालयाने त्यांना तुरुंगात धाडले, त्याच कार्यालयाच्या प्रमुखपदी ते सुटकेनंतर तीन वर्षांनी बसले. पोलीस आणि अभियोग ही दोन खाती सत्ताधाऱ्यांच्या मुठीत ठेवण्याची सोव्हिएत काळापासूनची सवय युक्रेनमध्ये खोलवर मुरलेली आहे. ती मोडण्याची भाषा करणाऱ्यांच्या हातूनही ती का मोडली नाही, हे समजून घ्यायचे असेल, तर लुत्सेन्को यांच्या कारकिर्दीइतके बोलके उदाहरण दुसरे सापडणे कठीण आहे.

त्यांचा जन्म आणि शिक्षण कोठे झाले?

त्यांचा जन्म १४ डिसेंबर १९६४ रोजी पश्चिम युक्रेनमधील रिव्ने या शहरात झाला. वडील व्हिताली लुत्सेन्को हे कम्युनिस्ट पक्षाच्या रिव्ने प्रांत समितीपर्यंत पोहोचलेले वजनदार पदाधिकारी होते. मुलाने मात्र ल्विव्ह येथील तंत्रशिक्षण संस्थेत इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, मधल्या काळात सोव्हिएत सैन्यातील सक्तीची सेवा पूर्ण केली आणि १९८९ मध्ये पदवी मिळवून रिव्नेमधील एका कारखान्यात नोकरी धरली. ही पदवी ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण सत्तावीस वर्षांनंतर तिच्यामुळे देशाच्या संसदेला एक कायदा बदलावा लागला.

ते राजकारणात कसे आले?

सोव्हिएत संघ मोडल्यावर ओलेक्सांद्र मोरोझ यांनी स्थापन केलेल्या सोशॅलिस्ट पक्षातून त्यांनी सुरुवात केली. रिव्ने प्रांताच्या परिषदेत ते उपाध्यक्ष झाले, १९९७ मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान खात्याचे उपमंत्री झाले आणि नंतर काही महिने पंतप्रधान व्हालेरी पुस्तोव्होयतेन्को यांचे सहायक होते. येथवरची वाटचाल एखाद्या होतकरू पक्ष कार्यकर्त्याची नेहमीची वाटचाल म्हणता येईल.

तिला वळण मिळाले ते एका खुनामुळे. ‘उक्रायन्स्का प्रावदा’ या संकेतस्थळाचे संस्थापक पत्रकार गिओर्गी गोंगाड्झे १६ सप्टेंबर २००० रोजी कीव्हमधून बेपत्ता झाले आणि नोव्हेंबरमध्ये ताराश्चा गावाजवळच्या जंगलात एक शिरविरहित मृतदेह सापडला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मोरोझ यांनी संसदेत ध्वनिफितींचा गौप्यस्फोट केला. राष्ट्राध्यक्ष लिओनिद कुचमा या पत्रकाराचा बंदोबस्त करण्याविषयी बोलत असल्याचे त्या फितींमध्ये ऐकू येते, असा त्यांचा दावा होता. कुचमा यांनी हा आरोप कायम नाकारला. परंतु रस्त्यावर ‘कुचमाविना युक्रेन’ हे आंदोलन उभे राहिले आणि त्याच्या अग्रभागी असलेल्या तरुण नेत्यांमध्ये लुत्सेन्को होते. मार्च २००१ मध्ये पोलिसांशी झालेल्या चकमकींनंतर ते आंदोलन विझले, पण त्यातून घडलेली माणसे आणि त्यांचे परस्परसंबंध टिकून राहिले. २००२ मध्ये लुत्सेन्को संसदेत निवडून गेले. २००४ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत व्हिक्टर यानुकोविच यांच्या बाजूने झालेल्या गैरप्रकारांविरुद्ध, प्रतिस्पर्धी व्हिक्टर युश्चेन्को यांच्या समर्थनार्थ, नारंगी क्रांती उसळली, तेव्हा कीव्हच्या स्वातंत्र्य चौकातील व्यासपीठावरून गर्दीला बांधून ठेवणाऱ्या ठळक आवाजांत त्यांचा आवाज होता.

युक्रेनमध्ये गृहमंत्र्याच्या हाती नेमके काय असते?

भारतीय वाचकाने येथे एक फरक मनात ठेवला पाहिजे. आपल्याकडे पोलीस हा राज्यांचा विषय आहे, त्यामुळे मुंबई किंवा पणजीतील पोलीस ठाण्यावर दिल्लीतील गृहमंत्र्यांची थेट हुकमत चालत नाही. युक्रेन हे एकात्म राज्य असल्याने खेड्यातल्या चौकीपासून राजधानीतील गुन्हे अन्वेषण विभागापर्यंत सगळी उतरंड एकाच मंत्रालयाला जोडलेली असते. लुत्सेन्को यांच्या काळी ‘मिलित्सिया’ या सोव्हिएत नावाने ओळखले जाणारे पोलीस दल, वाहतूक पोलीस, ‘बेर्कुत’ हे दंगलविरोधी पथक आणि गृहखात्याचे स्वतंत्र सैन्य ही सगळी या मंत्रालयाच्या अखत्यारीत होती. राजधानीतील मोर्चावर बळ वापरायचे की नाही, हा निर्णय प्रत्यक्षात उतरवणारा माणूस गृहमंत्रीच असे. म्हणूनच युक्रेनमधील प्रत्येक सत्तांतरात या खुर्चीसाठी सर्वाधिक ओढाताण झालेली दिसते.

२००५ मध्ये त्यांची गृहमंत्री म्हणून निवड का झाली?

४ फेब्रुवारी २००५ रोजी युलिया तिमोशेन्को यांचे पहिले सरकार स्थापन झाले आणि लुत्सेन्को गृहमंत्री झाले. पोलिसी गणवेशात कधीही न वावरलेला माणूस या पदावर बसण्याची ती पहिली वेळ मानली जाते. दोनच महिन्यांपूर्वी ज्या खात्याचे सैन्य आंदोलकांवर धाडले जाईल या भीतीने चौकातले लोक रात्री जागून काढत होते, त्याच खात्याचा कारभार आता त्या चौकातल्या माणसाकडे आला होता. नव्या सरकारला लोकांना दाखवायचे होते ते हेच.

त्यांच्यापुढे पहिलाच प्रश्न गोंगाड्झे खुनाचा होता. मार्च २००५ च्या सुरुवातीला या प्रकरणात पोलीस अधिकाऱ्यांना अटक झाल्याचे जाहीर करण्यात आले. अभियोक्त्यांसमोर जबाब देण्याच्या दिवशीच, ४ मार्च रोजी, कुचमा यांच्या काळातील माजी गृहमंत्री युरी क्राव्हचेन्को त्यांच्या घराच्या आवारात गोळ्या लागून मृतावस्थेत आढळले. अधिकृत निष्कर्ष आत्महत्येचा होता, पण शरीरावर दोन गोळ्यांच्या जखमा असल्याने त्यावर आजही अनेकांचा विश्वास बसत नाही. तीन पोलिसांना मार्च २००८ मध्ये शिक्षा झाली. प्रत्यक्ष खून केल्याचा आरोप असलेले माजी जनरल ओलेक्सी पुकाच जुलै २००९ मध्ये सापडले आणि २०१३ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. २००८ ची शिक्षा आणि २००९ ची अटक या दोन टप्प्यांच्या वेळी गृहखाते लुत्सेन्को यांच्याकडे होते. हुकूम देणारे मात्र न्यायालयासमोर आले नाहीत. गोंगाड्झे यांच्या नावाने आंदोलन उभारून सत्तेपर्यंत पोहोचलेल्या नेतृत्वाची ही सर्वांत मोठी अपूर्ण जबाबदारी होती, असे आमचे स्पष्ट मत आहे.

व्हिक्टर यानुकोविच यांच्या सरकारातही ते मंत्री कसे राहिले?

२००६ च्या निवडणुकीनंतर मोरोझ यांनी अचानक बाजू बदलली आणि सोशॅलिस्ट पक्ष यानुकोविच यांच्या ‘पार्टी ऑफ रीजन्स’बरोबर गेला. लुत्सेन्को यांनी पक्ष सोडला. तरीही ऑगस्ट २००६ मध्ये यानुकोविच पंतप्रधान झाले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष व्हिक्टर युश्चेन्को यांच्याशी झालेल्या तडजोडीत गृहखाते त्यांच्याकडेच राहिले. क्रांतीच्या व्यासपीठावरून ज्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या, त्यांच्याच मंत्रिमंडळात बसण्याची ही व्यवस्था टिकणारी नव्हतीच.

यामागे राज्यघटनेतील एक बदल होता. १ जानेवारी २००६ पासून मंत्री नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडून बहुतांशी संसदेकडे गेला होता आणि परराष्ट्र व संरक्षण या दोनच मंत्र्यांची नावे सुचवणे राष्ट्राध्यक्षांच्या हाती उरले होते. गृहमंत्री त्यात नव्हता. त्यामुळे १ डिसेंबर २००६ रोजी संसदेने मतदान करून लुत्सेन्को यांना दूर केले, तेव्हा युश्चेन्को काही करू शकले नाहीत. त्यांच्या जागी सोशॅलिस्ट पक्षाचेच व्हासिल त्सुश्को आले. पुढच्या मे महिन्यात याच त्सुश्कोंनी बेर्कुतचे जवान घेऊन महाअभियोक्त्यांच्या कार्यालयात बळाने प्रवेश केला आणि युश्चेन्को यांनी गृहखात्याचे सैन्य थेट आपल्या आदेशाखाली आणल्याचे जाहीर केले. दोन सशस्त्र बाजू राजधानीत समोरासमोर येण्याची वेळ आली होती. गृहखाते कोणाच्या ताब्यात आहे, या प्रश्नाचे गांभीर्य त्या दिवसांनी दाखवून दिले.

दुसऱ्यांदा ते मंत्री कधी झाले?

पद गेल्यावर त्यांनी ‘नारोद्ना सामोओबोरोना’, म्हणजे जनतेचे स्वसंरक्षण, ही चळवळ सुरू केली आणि ३० सप्टेंबर २००७ ची मुदतपूर्व निवडणूक युश्चेन्को यांच्या पक्षाबरोबर आघाडी करून लढवली. आघाडीच्या यादीत पहिले नाव लुत्सेन्को यांचे होते आणि तिला ७२ जागा मिळाल्या. १८ डिसेंबर २००७ रोजी तिमोशेन्को ४५० जणांच्या संसदेत बरोबर २२६ मतांनी, म्हणजे बहुमताला जेमतेम पुरेल एवढ्या मतांनी, पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि त्याच दिवशी लुत्सेन्को गृहखात्यात परतले.

हा कार्यकाळही संसदेच्या मतदानानेच संपला. २०१० च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीची पहिली फेरी १७ जानेवारीला झाली आणि दुसरी ७ फेब्रुवारीला होती. मतमोजणीच्या काळात पोलीस कोणाच्या आज्ञेत असतील, ही चिंता तिमोशेन्को आणि यानुकोविच या दोन्ही उमेदवारांना होती. २८ जानेवारीला संसदेने लुत्सेन्को यांना मंत्रिपदावरून हटवले. तिमोशेन्को यांच्या मंत्रिमंडळाने लगोलग त्यांना पहिले उपमंत्री नेमून खात्याचा प्रभारी कार्यभार त्यांच्याकडेच ठेवला. कायद्याच्या अक्षराला धरून केलेली ही चाल होती, परंतु संसदेच्या निर्णयाला बगल देणारी होती, हेही मान्य केले पाहिजे. यानुकोविच निवडून आले आणि ११ मार्च २०१० रोजी नवे सरकार येताच हा अध्याय संपला.

मंत्री असताना त्यांच्या वर्तनावरून कोणते वाद झाले?

दोन प्रसंग विशेष गाजले. जानेवारी २००८ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या सचिवालयात एका बैठकीनंतर त्यांची कीव्हचे महापौर लिओनिद चेर्नोव्हेत्स्की यांच्याशी हातघाई झाली. सुरुवात कोणी केली याविषयी दोघांनी परस्परविरोधी हकिकत सांगितली, मात्र आपण महापौरांवर हात उगारला हे लुत्सेन्को यांनी नाकारले नाही. मे २००९ मध्ये फ्रँकफुर्टच्या विमानतळावर ते आणि त्यांचा मुलगा यांची जर्मन पोलिसांशी वादावादी झाली आणि ‘बिल्ड’ या वृत्तपत्राने दोघे मद्यधुंद असल्याचे छापले. लुत्सेन्को यांनी ते नाकारले आणि राजीनामा देऊ केला, पण ते पदावर राहिले. पोलिसांच्या शिस्तीची जबाबदारी ज्याच्यावर आहे, त्या मंत्र्याकडून लोक अधिक संयमाची अपेक्षा करतात आणि ती रास्त आहे.

त्यांना अटक कशी आणि कोणत्या आरोपांवरून झाली?

२६ डिसेंबर २०१० रोजी, रविवारी, ते घराजवळ कुत्र्याला फिरवायला बाहेर पडले असताना विशेष पथकाच्या जवानांनी त्यांना घेरले. दुसऱ्या दिवशी कीव्हच्या पेचेर्स्की जिल्हा न्यायालयाने त्यांना कोठडीत ठेवण्याचा आदेश दिला.

आरोप काय होते, हे बारकाईने पाहण्यासारखे आहे. पहिला आरोप असा की, त्यांनी आपल्या मोटारचालकाला खात्याच्या सेवेत दर्जा देऊन, त्याची आधीची सेवा नियमाबाहेर मोजून घेऊन, त्याला वाढीव वेतन, निवृत्तिवेतन आणि सदनिका मिळवून दिली. दुसरा असा की, मंत्रिमंडळाने काटकसरीचा आदेश काढलेला असताना २००८ आणि २००९ मध्ये मिलित्सिया दिनाचे समारंभ ‘उक्राइना’ सभागृहात सरकारी खर्चाने साजरे केले. तिसरा आरोप युश्चेन्को यांच्यावरील २००४ च्या विषप्रयोगाच्या तपासाशी निगडित होता. त्यात सुरक्षा सेवेच्या एका माजी उपप्रमुखाच्या चालकावर बेकायदा पाळत ठेवण्यास परवानगी दिली, असे म्हटले होते. सत्तेचा गैरवापर हा शब्द या तिन्हींना लावता येत असला, तरी ज्या देशात मंत्री आणि धनाढ्य यांच्या कोट्यवधींच्या व्यवहारांकडे अभियोग कार्यालय वर्षानुवर्षे डोळेझाक करीत आले, तेथे चालकाचे निवृत्तिवेतन आणि वार्षिक समारंभाचा खर्च यासाठी माजी मंत्र्याला खटला संपेपर्यंत कोठडीत डांबणे हे प्रमाणाला सोडून होते.

२७ फेब्रुवारी २०१२ रोजी त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. पाळत ठेवण्याच्या प्रकरणात त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरी, दोन वर्षांची शिक्षा सुनावली गेली. दरम्यान २०११ च्या वसंतात त्यांनी कोठडीतच सुमारे महिनाभर उपोषण केले. नंतर त्यांना चेर्निहिव्ह प्रांतातील मेना येथील तुरुंगात हलवण्यात आले.

हा खटला राजकीय सूडाचा होता, असे कोणी अधिकृतपणे म्हटले आहे का?

होय, आणि तेही खटला चालू असतानाच्या अटकेबाबत, स्पष्ट शब्दांत. स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी निकाल दिला. त्यानुसार लुत्सेन्को यांची अटक आणि कोठडी स्वातंत्र्याच्या हक्काचा, म्हणजे युरोपीय मानवाधिकार कराराच्या पाचव्या कलमाचा भंग करणारी होती. शिवाय अठराव्या कलमाचाही भंग झाला होता. हे अठरावे कलम क्वचितच सिद्ध होते. एखाद्याच्या हक्कांवर घातलेली बंधने कायद्यात सांगितलेल्या हेतूऐवजी दुसऱ्याच हेतूने वापरली गेली, असे न्यायालयाची खात्री पटल्यावरच ते लागू होते. या प्रकरणात अभियोक्त्यांनी स्वतःच्या अर्जात लिहिले होते की, आरोपी माध्यमांतून आपली बाजू मांडत आहे, म्हणून त्याला कोठडीत ठेवावे. आपल्यावरचे आरोप जाहीरपणे खोडून काढल्याची शिक्षा म्हणून कोठडी, हाच तो दुसरा हेतू, असे न्यायालयाने ठरवले आणि १५,००० युरो भरपाई मंजूर केली.

या निकालाने लुत्सेन्को सर्व आरोपांतून निर्दोष ठरले, असा अर्थ काढणे मात्र चुकीचे ठरेल. न्यायालयापुढे प्रश्न अटकेच्या कायदेशीरपणाचा होता. चालकाचे निवृत्तिवेतन योग्य होते का, याचा निवाडा त्यात नव्हता.

मग त्यांची सुटका कशी झाली?

युरोपीय संघाला त्या काळात युक्रेनशी सहयोग करार करायचा होता आणि लुत्सेन्को व तिमोशेन्को यांचा तुरुंगवास हा त्यातील मोठा अडथळा होता. युरोपीय संसदेने आयर्लंडचे पॅट कॉक्स आणि पोलंडचे माजी राष्ट्राध्यक्ष अलेक्सांदर क्वाश्निएव्स्की यांना या प्रकरणांवर लक्ष ठेवण्यासाठी धाडले होते. दोघांनी कीव्हच्या अनेक फेऱ्या केल्या. शेवटी ७ एप्रिल २०१३ रोजी यानुकोविच यांनी लुत्सेन्को यांना माफी दिली आणि ते त्याच दिवशी बाहेर आले. तिमोशेन्को यांची सुटका मात्र यानुकोविच पळून गेल्यानंतरच, फेब्रुवारी २०१४ मध्ये झाली. ज्याने डांबले त्यानेच माफी दिली आणि तीही परराष्ट्र धोरणाच्या गरजेपोटी. न्यायव्यवस्थेने स्वतःहून चूक सुधारली, असे येथे घडलेच नाही.

२०१३-१४ च्या मैदान आंदोलनात त्यांची भूमिका काय होती?

नोव्हेंबर २०१३ मध्ये यानुकोविच यांनी सहयोग करार थांबवल्यावर लोक पुन्हा त्याच चौकात, म्हणजे ‘मैदान’वर, जमले आणि लुत्सेन्को पुन्हा व्यासपीठावर दिसू लागले. जानेवारी २०१४ च्या दुसऱ्या आठवड्यात कीव्हमधील एका न्यायालयाबाहेर आंदोलक आणि बेर्कुत यांच्यात झटापट झाली. तिच्यात त्यांच्या डोक्याला मार लागला आणि त्यांना रुग्णालयात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले. ज्या बेर्कुतचे ते एकेकाळी मंत्री होते, त्याच पथकाच्या लाठ्या त्यांच्यावर पडल्या.

सत्तांतरानंतर ते राष्ट्राध्यक्ष पेत्रो पोरोशेन्को यांचे सल्लागार झाले. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यांनी पोरोशेन्को यांच्या पक्षाचे नेतृत्व स्वीकारले, ऑक्टोबरच्या निवडणुकीत ते यादीतून निवडून आले आणि संसदेतील सर्वांत मोठ्या गटाचे नेते बनले. त्यांच्या पत्नी इरीना लुत्सेन्को याही खासदार होत्या आणि पुढे संसदेत राष्ट्राध्यक्षांच्या प्रतिनिधी झाल्या.

कायद्याची पदवी नसताना ते महाअभियोक्ता कसे झाले?

कायदा बदलून. त्यांच्या आधीचे महाअभियोक्ता व्हिक्टर शोकिन यांच्यावर भ्रष्टाचाराच्या तपासात चालढकल केल्याचा आरोप देशातील सुधारणावादी गटांपासून अमेरिका आणि युरोपीय संघापर्यंत अनेकांचा होता. अमेरिकेने एक अब्ज डॉलरच्या कर्जहमीचा विषयही शोकिन यांच्या हकालपट्टीशी जोडला होता. ते गेल्यावर पोरोशेन्को यांना विश्वासातला माणूस हवा होता, पण लुत्सेन्को यांची पदवी होती इलेक्ट्रॉनिक अभियांत्रिकीची.

१२ मे २०१६ रोजी जे घडले त्याची गती पाहण्याजोगी होती. संसदेने कायद्याच्या पदवीची अट काढणारी दुरुस्ती मंजूर केली, तिच्यावर स्वाक्षऱ्या झाल्या, ती लागू होण्यासाठी संसदेच्या वृत्तपत्राचा विशेष अंक छापला गेला आणि संध्याकाळ होण्यापूर्वी नव्या कायद्याखाली लुत्सेन्को यांची नियुक्तीही झाली. जो कायदा सामान्य नागरिकासाठी महिनोन्‌महिने समितीत पडून राहतो, तो एका व्यक्तीसाठी एका दिवसात बदलू शकतो, हे सगळ्या देशाने पाहिले.

एक बाजू अशीही मांडली जात होती की, अभियोग कार्यालय आतून इतके पोखरलेले आहे की, ते सुधारण्यासाठी बाहेरचा, राजकीय ताकद असलेला आणि स्वतः त्या यंत्रणेचा मार खाल्लेला माणूसच हवा. हा युक्तिवाद अगदीच निराधार नव्हता. परंतु राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचा गटनेता दुसऱ्या दिवशी स्वतंत्र अभियोक्ता होईल, ही अपेक्षाच मुळात भाबडी होती.

महाअभियोक्ता म्हणून त्यांनी काय केले?

त्यांच्या बाजूच्या कामात यानुकोविच यांच्याविरुद्धचा खटला येतो. आरोपी गैरहजर असताना चाललेल्या या खटल्यात जानेवारी २०१९ मध्ये कीव्हच्या न्यायालयाने त्यांना देशद्रोहाबद्दल तेरा वर्षांची शिक्षा ठोठावली. यानुकोविच यांच्या वर्तुळाशी संबंधित खात्यांमधील सुमारे दीड अब्ज डॉलर २०१७ मध्ये सरकारजमा झाले, हेही लुत्सेन्को आपले मोठे यश मानत. मात्र जप्तीचा तो निकाल दीर्घकाळ गुप्त ठेवला गेला आणि एवढी मोठी रक्कम कोणत्या पुराव्यावर जप्त झाली हे लोकांना पाहता आले नाही.

दुसरी बाजू अधिक गंभीर आहे. मैदाननंतर भ्रष्टाचार तपासण्यासाठी ‘नाबू’ हा राष्ट्रीय भ्रष्टाचारविरोधी विभाग मुद्दाम जुन्या यंत्रणेबाहेर उभा केला होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये नाबूचा एक अधिकारी स्थलांतर खात्यातील लाचखोरी उघड करण्यासाठी गुप्तपणे सापळा लावत असताना, लुत्सेन्को यांच्या कार्यालयाने आणि सुरक्षा सेवेने त्यालाच पकडले आणि गुप्त कारवाई जगजाहीर केली. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने उघड नाराजी व्यक्त केली. जुनी यंत्रणा नव्या यंत्रणेला वाढू देत नाही, असा संदेश त्यातून गेला.

खेरसोन शहरातील कार्यकर्त्या आणि महापालिका सल्लागार कातेरीना हांड्झ्युक यांच्यावर ३१ जुलै २०१८ रोजी आम्ल फेकण्यात आले आणि ४ नोव्हेंबरला त्यांचा मृत्यू झाला. तपासातील दिरंगाईबद्दल संताप उसळल्यावर लुत्सेन्को यांनी संसदेत राजीनामा जाहीर केला. संसदेने तो स्वीकारला नाही आणि ते पदावर राहिले. गोंगाड्झे यांच्यासाठी ज्या माणसाने रस्त्यावर उतरून न्याय मागितला होता, त्याच्याच कार्यालयाकडे अठरा वर्षांनी दुसऱ्या एका मृत्यूचा न्याय मागत लोक येत होते, आणि तेही तितक्याच निराशेने.

अमेरिकेतील महाभियोग प्रकरणात त्यांचे नाव का आले?

जानेवारी २०१९ मध्ये लुत्सेन्को यांनी न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड ट्रम्प यांचे वकील रुडी जुलियानी यांची भेट घेतली. मार्चमध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राला दिलेल्या मुलाखतीत त्यांनी सांगितले की, अमेरिकेच्या राजदूत मारी योव्हानोविच यांनी कोणाकोणावर खटला भरू नये याची यादीच आपल्याला दिली होती. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने हा दावा धादांत बनाव असल्याचे म्हटले आणि काही आठवड्यांत लुत्सेन्को यांनीही तो फिरवला. ट्रम्प यांचे राजकीय प्रतिस्पर्धी जो बायडेन आणि त्यांचे पुत्र हंटर यांच्याविषयी त्यांनी आधी चौकशीला वाव असल्यासारखी विधाने केली. मे महिन्यात मात्र, या दोघांनी युक्रेनचा कायदा मोडल्याचा कोणताही पुरावा आपल्याकडे नाही, असे सांगितले.

तोवर नुकसान झाले होते. योव्हानोविच यांना मुदतीपूर्वी परत बोलावण्यात आले. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाच्या चौकशीत त्यांनी अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे साक्ष दिली, तेव्हा लुत्सेन्को यांचे नाव वारंवार घेतले गेले. हे आरोप करण्यामागे लुत्सेन्को यांचा हेतू काय होता, याविषयी साक्षीदार आणि निरीक्षक यांचा कल एकाच दिशेला होता. योव्हानोविच भ्रष्टाचाराविरुद्ध ठाम बोलत होत्या, पोरोशेन्को यांची सत्ता डळमळीत होती आणि लुत्सेन्को यांना वॉशिंग्टनमध्ये मित्र हवे होते. लुत्सेन्को यांनी स्वतः, आपण युक्रेनच्या हिताचेच काम करीत होतो, अशी भूमिका घेतली.

त्यांचे पद कसे गेले आणि त्यानंतर ते काय करीत आहेत?

वोलोदिमिर झेलेन्स्की २० मे २०१९ रोजी राष्ट्राध्यक्ष झाले, पण महाअभियोक्त्याला काढण्यासाठी संसदेची संमती लागते आणि जुनी संसद ती देणार नव्हती. २१ जुलैच्या निवडणुकीत झेलेन्स्की यांच्या पक्षाला एकट्याला बहुमत मिळाले. २९ ऑगस्ट २०१९ रोजी, नव्या संसदेच्या पहिल्याच दिवशी, लुत्सेन्को यांना हटवून त्यांच्या जागी कायद्याचे शिक्षण असलेले रुस्लान रियाबोशापका यांना नेमण्यात आले. त्यांनाही सहा महिन्यांहून थोड्याच अधिक काळात, मार्च २०२० मध्ये, पदावरून दूर व्हावे लागले.

२४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने सर्वंकष आक्रमण केल्यावर लुत्सेन्को वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी लष्करी सेवेत दाखल झाले आणि पुढे प्रकृतीच्या कारणावरून सेवामुक्त झाले.

ज्या मिलित्सियाचे ते मंत्री होते, ती आजही आहे का?

नाही. २०१५ मध्ये नवा कायदा झाला, कीव्हपासून सुरुवात करून नव्याने भरती केलेले गस्ती पोलीस रस्त्यावर आले आणि ७ नोव्हेंबर २०१५ रोजी मिलित्सियाची जागा अधिकृतपणे राष्ट्रीय पोलीस दलाने घेतली. बेर्कुत त्याआधीच, फेब्रुवारी २०१४ मध्ये, बरखास्त झाले होते आणि गृहखात्याच्या सैन्याच्या जागी राष्ट्रीय रक्षक दल आले. हे बदल आर्सेन अव्हाकोव्ह यांच्या काळातले आहेत. २०१४ ते २०२१ असे सात वर्षांहून अधिक काळ ते गृहमंत्री राहिले आणि एवढा दीर्घ काळ या खुर्चीवर टिकलेला दुसरा माणूस स्वतंत्र युक्रेनमध्ये झालेला नाही. त्यांच्यानंतरचे डेनिस मोनास्तिर्स्की कायदेतज्ज्ञ होते. १८ जानेवारी २०२३ रोजी कीव्हजवळच्या ब्रोव्हारी येथे एका बालवाडीशेजारी हेलिकॉप्टर कोसळून त्यांचा, त्यांच्या पहिल्या उपमंत्र्यांचा आणि इतर अनेकांचा मृत्यू झाला. मंत्रालयाची सूत्रे त्यानंतर इहोर क्लिमेन्को यांच्याकडे आली, जे त्यापूर्वी राष्ट्रीय पोलीस दलाचे प्रमुख होते.